निरभ्र दिवसाचा भरवसा : अमेरिकेतील हवाई सर्वेक्षण आणि नवा वैमानिक

अमेरिकेत २५० उड्डाणतास भरले की व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. मान्यताप्राप्त शाळेच्या ठरावीक अभ्यासक्रमातून गेलेल्याला तो १९० तासांतही मिळतो. प्रवासी विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून बसायचे तर मात्र साधारणपणे १५०० तास लागतात. विमानविद्येच्या पदवीधरांना १०००, त्याच विषयाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून आलेल्यांना १२५० आणि लष्करी वैमानिकांना ७५० तासांवर प्रवेश आहे, पण बाकीच्यांना मधले साडेबाराशे तास कुठून तरी उभे करावेच लागतात. कर्ज काढून शिकलेल्या तरुणाला ते स्वतःच्या खिशातून उडवणे परवडत नाही, म्हणजे पगार देऊन उडवायला लावणारा कोणीतरी शोधणे आले. उड्डाणप्रशिक्षक होणे हा त्यातला रुळलेला मार्ग. जाहिरातीचे कापडी फलक ओढणे, पॅराशूटवाल्यांना वर नेऊन सोडणे, तेलवाहिन्यांवर आणि वीजवाहिन्यांवर गस्त घालणे आणि हवाई सर्वेक्षण करणे या त्याच्या शेजारच्या वाटा. त्यांतल्या शेवटच्या वाटेचा, म्हणजे सर्वेक्षण कंपनीत पहिली नोकरी मिळण्याचा, हा आढावा आहे. या नोकरीकडे केवळ तास जमवण्याची सोय म्हणून पाहणारा उमेदवार तिचे मर्म चुकतो, असे माझे मत आहे. सर्वेक्षण कंपनीचे खरे भांडवल म्हणजे आकाश निरभ्र असलेला दिवस, आणि तो दिवस ज्याच्या हाती निर्धास्तपणे सोपवता येईल असा माणूस ती शोधत असते. अर्ज कसा करावा, कधी करावा आणि निवड कशी होते, या साऱ्याचे उत्तर याच एका गोष्टीतून मिळते.

आधी ही दरी कशी पडली ते पाहू, कारण तिच्या जन्मकथेतच तासांच्या आकड्याची मर्यादा दडलेली आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी कोल्गन एअरचे ३४०७ क्रमांकाचे उड्डाण न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराजवळ कोसळले. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक असे ५० जण मृत्युमुखी पडले. मृतांच्या नातेवाइकांनी नेटाने पाठपुरावा केला, २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही १५०० तासांची अट लागू झाली. त्याआधी २५० तासांचा वैमानिक कायद्याने सहवैमानिक होऊ शकत असे. पण त्या अपघातातल्या दोन्ही वैमानिकांकडे दोन हजारांहून अधिक तास होते. चौकशीत दोष आला तो वेग घटून विमान पडू लागल्याच्या इशाऱ्याला कप्तानाने उलट प्रतिसाद दिल्याचा, आणि चर्चा झाली ती थकव्याची, शिस्तीची आणि प्रशिक्षणाची. तरीही कायद्याने आकडा निवडला, कारण आकडा मोजता येतो. तास महत्त्वाचे आहेतच, पण वैमानिकाची पारख तेवढ्यावर संपत नाही, हे त्या अपघातानेच दाखवून दिले होते. सर्वेक्षण कंपन्यांच्या नेमणुका नेमक्या या उरलेल्या पारखीवर चालतात.

नवख्याला इथे दार उघडे का, याचे कारणही नियमांतच आहे. भाड्याने प्रवासी किंवा माल नेणाऱ्या छोट्या विमानसेवेत मुख्य वैमानिक व्हायचे तर नजरेच्या भरवशावर चालणाऱ्या उड्डाणांसाठी ५०० आणि उपकरणांच्या आधाराने होणाऱ्या उड्डाणांसाठी १२०० तास लागतात. हवाई छायाचित्रण आणि सर्वेक्षण यांना अमेरिकी नियमांनी ‘हवाई काम’ या वर्गात टाकून अशा प्रमाणपत्रांतून वगळले आहे. त्यामुळे साधा व्यावसायिक परवाना आणि द्वितीय श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र एवढ्यावर कायद्याचे समाधान होते. कायदा जिथे थांबतो तिथे विमा कंपनी पुढे येते. अमुक विमानावर किमान इतके तास, दोन इंजिनांच्या विमानावर किमान तितके, अशा अटी विम्याच्या करारात असतात आणि जाहिरातीत दिसणारा आकडा बहुधा तिथूनच आलेला असतो. म्हणून एका कंपनीत सेस्ना १७२ साठी परवाना ताजा असलेला माणूस चालतो, तर दुसरीत दोन इंजिनांच्या पायपर नवाहोसाठी कित्येक पट अनुभव मागतात. दोघांचे काम एकच असले तरी जोखीम वेगळी आहे. उमेदवाराने जाहिरात वाचताना आधी विमान कोणते ते पाहावे; तासांचा आकडा त्यामागोमाग समजतो.

आता कामाकडे वळू. हवाई सर्वेक्षणाचे विमान ठरलेल्या प्रदेशावर समांतर रेषांत जाते आणि येते. छायाचित्रणात एकामागोमाग येणारी चित्रे सुमारे ६० टक्के एकमेकांवर चढावी लागतात, म्हणजे जमिनीचा प्रत्येक बिंदू किमान दोन चित्रांत येतो आणि त्यातून उंचीचे मापन करता येते. शेजारच्या दोन पट्ट्या साधारण ३० टक्के एकमेकींवर याव्या लागतात. विमान रेषेवरून बाजूला सरकले की पट्ट्यांमध्ये फट राहते आणि ती भरण्यासाठी पुन्हा तिथवर जावे लागते. सूर्य क्षितिजापासून किमान ३० अंश वर असावा, अशी अट बहुतेक कामांत असते, कारण त्याखाली सावल्या लांबतात. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्याच्या कडेला ही अट पाळायची तर दिवसाचे मोजके तास उरतात. जमिनीचा चढउतार मोजायचा तर बर्फ वितळलेले हवे आणि झाडांना पालवी फुटलेली नको, म्हणजे वसंतातले काही आठवडेच हाती येतात. उलट पिकांचे सर्वेक्षण ऐन हंगामात करावे लागते. अमेरिकेच्या कृषी विभागाचा राष्ट्रीय छायाचित्रण कार्यक्रम २००३ पासून पिकांच्या वाढीच्या काळातच उडतो आणि चित्रात ढगांचे प्रमाण अगदी थोडे असेल तरच ते स्वीकारतो. लेसर किरणांनी उंची मोजणाऱ्या लायडरला सूर्य लागत नाही, त्यामुळे ते काम रात्रीही चालते. पण विमान आणि जमीन यांच्यामध्ये ढग, धुके, पाऊस आलेला त्यालाही चालत नाही. शिवाय वळताना विमान फार कलते केले तर उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतात खंड पडण्याचा धोका असतो, म्हणून प्रत्येक वळण रुंद आणि सावकाश घ्यावे लागते.

हे सगळे एकत्र ठेवले की या धंद्याचे अर्थकारण उलगडते. कॅमेरा अनेकदा ज्या विमानात बसवलेला आहे त्या विमानापेक्षा महाग असतो. त्याच्या मागे कॅमेरा चालवणारा तंत्रज्ञ, चित्रांवर प्रक्रिया करणारा विभाग आणि मुदत ठरवून दिलेला सरकारी किंवा नगरपालिकेचा करार उभा असतो. ही सगळी यंत्रणा आभाळ मोकळे होण्याची वाट पाहत राहते. एखाद्या गावात चार दिवस ढग पाहत बसावे लागते आणि पाचव्या दिवशी सहा तास मिळतात. त्या सहा तासांत वैमानिक उशिरा आला, इंधन भरायला विसरला, शिकागो किंवा अटलांटासारख्या गजबजलेल्या विमानतळाच्या हद्दीत शिरायची परवानगी आधी काढून ठेवली नाही, किंवा त्याच्या हातून दर तिसरी रेषा वाकडी गेली, तर नुकसान एका दिवसाचे राहत नाही. कधी कधी अख्खा हंगाम हातचा जातो. प्रशिक्षकाचा पाऊस पडलेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून निघतो. सर्वेक्षणात पालवी फुटली की पुढच्या वसंतापर्यंत थांबावे लागते. म्हणून नेमणूक करणाऱ्याच्या मनातला प्रश्न तासांच्या पलीकडचा असतो. हा माणूस निरभ्र सकाळी तयार असेल का, आणि हंगाम संपेपर्यंत टिकेल का, हे त्याला जाणून घ्यायचे असते.

मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या गोष्टी या प्रश्नाशी ताडून पाहिल्या की त्यांचा अर्थ लागतो. आठवडेच्या आठवडे घराबाहेर, हॉटेलांत राहायची तयारी आहे का? किती दिवसांच्या सूचनेवर निघता येईल? वर्षभर किंवा ठरावीक तासांपर्यंत थांबण्याचे वचन द्याल का? अनोळखी विमानतळांवर एकट्याने किती उड्डाणे केली आहेत? गर्दीच्या हवाई हद्दीत नियंत्रकांशी बोलायची सवय आहे का? उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याची पात्रता आहे का? हे शेवटचे वरवर विसंगत वाटते, कारण छायाचित्रण स्वच्छ हवेतच होते. पण विमान एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचे तर वाटेत ढग लागतात, आणि ती पात्रता नसलेला वैमानिक ढगांच्या अलीकडे अडकतो, तेव्हा पलीकडचा निरभ्र दिवस फुकट जातो. दूरच्या प्रवासाचे तास, वेगवेगळ्या विमानतळांची नोंद, मोठ्या इंजिनाचे विमान हाताळण्याची परवानगी, आणि उंची व दिशा अचूक धरून ठेवण्याची हातोटी ही खरी शिदोरी आहे. २५० तास एकाच धावपट्टीभोवती फिरून भरलेले लॉगबुक आणि तेवढेच तास दहा राज्यांत विखुरलेले लॉगबुक कायद्यासाठी सारखेच असले, तरी सर्वेक्षण कंपनीसाठी त्यांचे मोल वेगळे आहे.

अर्जाची वेळही यातूनच ठरते. वसंतातल्या हंगामासाठी माणसे हिवाळ्यात घेतली जातात, कारण त्यांना विमानाची, कॅमेऱ्याच्या संगणकाची आणि रेषा धरण्याची सवय हंगामाआधी व्हावी लागते. एप्रिलमध्ये अर्ज करणाऱ्याला गुणवत्ता असूनही जागा नसते. दुसरे दार कॅमेरा चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे. काही कंपन्या परवाना असलेल्या तरुणाला आधी मागच्या आसनावर बसवतात आणि जागा झाली की पुढे आणतात. उड्डाणतास मोजण्याच्या दृष्टीने तो काळ रिकामा वाटतो, पण काम आतून शिकण्याची त्याहून चांगली संधी नाही, आणि भरवसा कमावण्याचा तो सरळ मार्ग आहे. अर्जात स्वप्नांची भाषा लिहिण्यापेक्षा कोणत्या तारखेपासून येऊ शकतो, किती काळ थांबेन, कोणत्या विमानावर किती तास आहेत आणि घराबाहेर राहण्यात काही अडचण आहे का, हे स्पष्ट लिहिणारा उमेदवार वाचणाऱ्याचे निम्मे काम हलके करतो.

यावर पहिला आक्षेप असा की हे सारे बोलण्यापुरते आहे. विमा कंपनीचा आकडा नसेल तर गुणांना कोण विचारतो? आक्षेपात तथ्य आहे. आकडा हा उंबरठा आहे आणि तो ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही. पण उंबरठ्यावर गर्दी झाली की निवड आकड्याने होत नाही. २०२२ मध्ये प्रादेशिक विमान कंपन्यांनी पगार भराभर वाढवून वैमानिक ओढून घेतले तेव्हा सर्वेक्षण कंपन्यांना माणसे टिकवणे अवघड झाले होते. २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांची भरती मंदावली, त्या साखळीचा ताण खालपर्यंत आला आणि पहिल्या पायरीवर थांबलेल्यांची संख्या वाढली. अशा वेळी तीनशे तासांचे कित्येक अर्ज समोर असतात. आणखी पन्नास तासांनी त्यांत कोणी उठून दिसत नाही. उठून दिसतो तो ज्याच्याबद्दल आधीच्या प्रशिक्षकाने किंवा तिथेच काम करणाऱ्या वैमानिकाने शब्द टाकलेला असतो. शब्द टाकण्याला वशिला म्हणून हिणवणे सोपे आहे, पण महागडी यंत्रणा एकट्याच्या हाती देणाऱ्याने त्या माणसाला ओळखणाऱ्या कोणाचे तरी मत विचारणे स्वाभाविकच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रशिक्षक झाल्याने माणूस जास्त शिकतो, मग रेषा ओढत बसायचे कशाला? शिकवताना रोज चुका दुरुस्त कराव्या लागतात आणि पायाभूत ज्ञान पक्के होते, हे मान्यच करायला हवे. हिशेब मात्र दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. विमान कंपनीच्या परवान्यासाठी १५०० तासांच्या आत आणखी काही रकाने भरावे लागतात : ५०० तास दूरचा प्रवास, १०० तास रात्रीचे, ७५ तास उपकरणांच्या आधाराचे आणि २५० तास मुख्य वैमानिक म्हणून. दूरच्या प्रवासाच्या रकान्यासाठी निघालेल्या ठिकाणापासून ५० सागरी मैलांपलीकडे जाणे पुरते, तिथे उतरण्याची सक्ती नाही. सर्वेक्षणात हा रकाना आपोआप भरतो आणि एकट्याने उडवणाऱ्याचा मुख्य वैमानिकाचाही भरतो. प्रशिक्षकाला विमानतळाच्या आसपासच राहावे लागत असल्याने दूरच्या प्रवासाचे तास कमी पडू शकतात. याउलट दिवसाच्या स्वच्छ हवेत छायाचित्रण करणाऱ्याचे रात्रीचे आणि उपकरणांचे रकाने कोरडे राहतात, आणि ते भरण्याची तजवीज त्याने पहिल्या महिन्यापासून करायला हवी. अनुभवाचा दर्जा पाहिला तर सर्वेक्षणाच्या वैमानिकाला हवामानाचा निर्णय स्वतः घ्यावा लागतो, अनोळखी नियंत्रकांशी रोज वाटाघाटी कराव्या लागतात, आणि १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासाहून अधिक राहायचे तर ऑक्सिजन लावून काम करावे लागते. प्रशिक्षण आणि सर्वेक्षण यांत एक उत्तम आणि दुसरे कनिष्ठ असे ठरवता येत नाही. दोन्हींनी भरणारी पोकळी निराळी आहे.

तिसरा आक्षेप भविष्याचा आहे. ड्रोन आणि उपग्रह हे काम गिळणार नाहीत का? उत्तम व्यापारी उपग्रहांचा एक पिक्सेल जमिनीवर सुमारे ३० सेंटीमीटरचा असतो. विमानातून १५ किंवा साडेसात सेंटीमीटरची चित्रे सर्रास घेतली जातात, आणि जमिनीवर दाट बिंदूंची जाळी विणणाऱ्या लायडरला उपग्रहाचा पर्याय नाही. ड्रोनचे चित्र त्याहून बारीक असते, पण अमेरिकेतल्या २०१६ च्या नियमांनुसार लहान ड्रोन साधारण ४०० फुटांखाली आणि चालकाच्या नजरेच्या टप्प्यात ठेवावे लागते. २०,००० पिक्सेल रुंदीच्या कॅमेऱ्याने १५ सेंटीमीटरचे चित्र घेतले तर तीन किलोमीटरची पट्टी एका फेरीत येते. शेजारच्या पट्टीवर चढणारा ३० टक्के भाग वगळला तरी १२० नॉट वेगाने रेषेवर उडणारे विमान तासाला साडेचारशे चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश टिपते. वळणांत बराच वेळ गेला असे धरले तरी अख्खा जिल्हा काही दिवसांत संपतो. नजरेपलीकडच्या ड्रोनसाठी नियम सैल होतील तशी वाहिन्यांवरची गस्त आणि छोट्या जागांची मोजणी विमानाकडून निसटत जाईल, हे खरे आहे. मोठ्या प्रदेशाचे काम इतक्यात जाणार नाही. ज्याला या क्षेत्रात काही वर्षे काढायची आहेत त्याने संवेदक, निर्देशक प्रणाली आणि चित्रांची प्रक्रिया समजून घेतली, तर पुढे यंत्र कोणतेही आले तरी त्याचे ज्ञान कामी येईल.

शेवटचा आक्षेप माणुसकीचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पगार बेताचा, घर दूर, दिवस लांब, आणि वर थांबण्याचा करार. ही तरुणांच्या गरजेवर चालणारी पिळवणूक नव्हे का? काही ठिकाणी ती आहे, आणि उमेदवाराने करार सही करण्याआधी नीट वाचायला हवा. विशेषतः नोकरी सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च परत मागणारे कलम, उडता न आलेल्या दिवसांचा पगार, हॉटेल आणि जेवणाचा खर्च यांबद्दल लेखी उत्तर घ्यावे. पण मोठा धोका पैशाचा नाही. निरभ्र दिवसाचे मोल जितके जास्त, तितका तो वापरून घेण्याचा दबाव जास्त. थकलेला, एकटा, तीनशे तासांचा वैमानिक दुपारी डोंगरावर तापलेल्या विरळ हवेत जड विमान वळवतो आहे आणि त्याच्या मनात उरलेल्या चार रेषा आहेत, अशा क्षणी अपघात घडू शकतो. म्हणून भरवशाचा अर्थ हो म्हणणे एवढाच घेऊन चालणार नाही. जो माणूस वेळेवर तयार असतो, त्याच माणसाने आज उडणार नाही असे म्हटले तर कंपनीने ते निमूट मान्य केले पाहिजे. नवख्याला आरंभीची उड्डाणे अनुभवी वैमानिकासोबत देणारी आणि नकार दिल्याबद्दल जाब न विचारणारी कंपनी कमी पगार देत असली तरी निवडण्याजोगी आहे. मुलाखतीत उमेदवारानेही हा प्रश्न विचारावा. उत्तरातली टाळाटाळ पुरेशी बोलकी असते.

मराठी वाचकाचा या प्रश्नाशी थेट संबंध येतो तो फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोनात शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींमुळे. त्यांच्या पालकांना एक गोष्ट आधी कळलेली बरी. उड्डाणशाळेसाठी मिळणाऱ्या एम-१ व्हिसावर शिक्षणानंतर प्रत्यक्ष कामाची मुभा जास्तीत जास्त सहा महिन्यांची असते. विद्यापीठाच्या एफ-१ व्हिसावर साधारण वर्षभराची. पूर्ण हंगामाचे वचन मागणाऱ्या सर्वेक्षण कंपनीला सहा महिन्यांचा माणूस घेणे कठीण वाटते. त्यामुळे अमेरिकेत शिकू आणि तिथेच सर्वेक्षणात तास भरू, हा बेत नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना नसलेल्यासाठी डळमळीत आहे. भारतात परत येणाऱ्याला मात्र ही दरीच लागत नाही : आपल्याकडे २०० तासांवर व्यावसायिक परवाना मिळतो आणि विमानाच्या विशिष्ट प्रकारचे प्रशिक्षण घेऊन थेट सहवैमानिक होता येते. म्हणून मधल्या नोकऱ्यांची शिडी इथे उभीच राहिली नाही. हवाई सर्वेक्षण हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रासारख्या मोजक्या संस्थांपुरते राहिले. २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी भारतीय सर्वेक्षण विभागाने ड्रोनने केली आणि महाराष्ट्र त्यात पहिल्या टप्प्यापासून आहे. रेषा, पट्ट्यांचे एकमेकींवर चढणे आणि हवामानाची वाट पाहणे हे ड्रोनचालकालाही चुकलेले नाही. त्याच्याकडूनही तीच शिस्त अपेक्षित आहे आणि त्याच्या एका वाकड्या रेषेने कोणाच्या तरी घराची हद्द चुकू शकते.

तेव्हा पहिली नोकरी शोधणाऱ्या वैमानिकाने आणखी किती तास हवेत या प्रश्नात अडकून पडू नये. आधी विमान कोणते आणि विम्याची अट काय हे पाहावे, मग लॉगबुकातले रिकामे रकाने ओळखावेत, हिवाळ्यात अर्ज करावा, गरज पडल्यास कॅमेऱ्यामागच्या आसनापासून सुरुवात करावी आणि दिलेला शब्द हंगाम संपेपर्यंत पाळावा. उड्डाणशाळांनीही परीक्षेच्या तयारीबरोबर विद्यार्थ्यांकडून तासभर एकाच उंचीवर समांतर रेषा उडवून घ्याव्यात, लांबचे प्रवास एकट्याने आखून घ्यावेत आणि हवामान पाहून रद्द केलेल्या उड्डाणाला शाबासकी द्यावी. याने कायद्याचा आकडा बदलणार नाही. पण २००९ च्या अपघातानंतर समाजाने वैमानिकांकडून जी जबाबदारी मागितली, ती रुजवण्याची खरी जागा ही पहिली नोकरी आहे, आणि तिथे ती रुजली तर पुढे दीडशे प्रवासी ज्याच्या मागे बसतील तो वैमानिक त्या विश्वासाला पात्र असेल.